एका बोटावर उचललेली दांडी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे वाचताना कोणी म्हणेल, म्हातारा आता गरीब गाय होऊन बोलून राहिला. कामठ्याकडच्या एका गावात माझा बैलगाड्या बनवायचा धंदा. बाप तेच करायचा, आजाही तेच. कामाला हात लावला की मी कोणाचं ऐकत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्या खोडीपायी मी माझ्या एकुलत्या एका लेकीचं घर मोडलं. ते कसं मोडलं आणि जोडायला गेलो तेव्हा काय झालं, तेवढंच सांगायचं आहे.

नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना आमच्याकडे एक रीत होती. गाडीत धानाची पोती सारखी मांडायची, बैल जुंपायचे नाहीत, आणि मिस्त्रीनं चार लोकांसमोर गाडीची दांडी एका बोटावर उचलून दाखवायची. उचलली गेली की नारळ फोडायचा. यात जादू काही नाही. आख, म्हणजे ज्याच्यावर चाकं फिरतात तो आडवा दांडा, बरोबर जागी बसला असेल तर भार मागेपुढे सारखा तोलला जातो आणि बैलाच्या मानेवर काही येत नाही. आख मागे सरकला तर सगळं ओझं जुवावर येतं आणि मान सोलून निघते. पुढे सरकला तर गाडी मागे उलार होते आणि जू वर उठून बैलाचा गळा आवळतं. माझ्या गाडीनं बैलाच्या मानेला घट्टा पडला असं पंचक्रोशीत कोणी दाखवावं, मी लाकूड तासायचा वाकस कायमचा खाली ठेवीन, असं मी छाती ठोकून सांगायचो. खरंच सांगतो, त्या एका बोटाचा मला फार माज होता.

माझा जावई आमच्या मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, मोटारीवर ड्रायव्हर होता. मोटार चालवायला तो गोंदियात शिकला. माणूस शांत. इतका शांत की मला त्याचा राग यायचा. एक विचारलं तर अर्धं सांगेल आणि उरलेलं अर्धं डोळ्यांत ठेवील. सणावाराला घोटभर मोहाची घेत असेल, कोण घेत नव्हतं? पण लेक सुखात होती. दिवाळीला आली की तिकडच्याच गोष्टी सांगायची आणि चौथ्या दिवशी परत जायची घाई करायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. मालगुजारानं कुठल्या तरी साहेबाच्या शिकारीच्या मुक्कामात मोटारीमागे जोडलेलं एक चाकांचं घर पाहिलं. आत पलंग, कपाट, चूल, सगळं. झालं, मालकाच्या मनानं घेतलं. नवेगावच्या बांधावर चार दिवस राहायचं, मग बोदलकशाच्या तळ्यावर चार दिवस, तंबू नको आणि डास नको. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून त्यानं रबरी चाकं असलेले दोन लोखंडी आख आणले, माझ्या अंगणात टाकले आणि म्हणाला, "मिस्त्री, यावर घर बांधून दे."

आता दोन आख! जन्मभर मी एका आखाची गाडी केलेली. दोन दिवस नुसता त्या लोखंडाकडे पाहत बसलो. एक आख पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला असं आधी करून पाहिलं, बाजेच्या पायांसारखं. बैल जुंपून तळ्याच्या पाळीवर नेलं. सरळ रस्त्यावर ठीक. पाळीचं वळण आलं तशी चाकं आडवी घासत चालली, नांगराचा तास पडावा तशी माती उकरली गेली. बैलांच्या तोंडाला फेस आला. म्हटलं, हट्, हे काही खरं नाही.

मग दोन्ही आख ओढून मधोमध आणले, अगदी जवळजवळ, चाकांमध्ये हात जाईल एवढीच फट ठेवून. दोन्ही बाजूंनी बीजा झाडाच्या कठीण लाकडाची एकेक तुळई घेतली, तिच्या टोकांना आख बांधले, आणि तुळई मध्यभागी एका जाड खिळीवर टांगली. म्हणजे काट्याची दांडी हलते तशी ती खालीवर हलणार आणि चारही चाकं मिळून एकाच आखासारखी वागणार. पुन्हा बैल जुंपले. गाडी वळणावर अशी फिरली की पाहत राहावं. चूल आणि पाण्याचं पिंप मागे ठेवलं, पलंग-कपाट पुढे, आणि तोल साधला. मालगुजाराच्या वाड्यासमोर सगळं गाव जमलं, मी बोट लावलं, आणि एवढं मोठं घर दांडीसकट वर उचललं. बायकांनी तोंडाला पदर लावले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी जावयानं ती घरगाडी मोटारीला जोडून कामठ्यापर्यंत नेऊन आणली. परत आला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामाजी, मांगं हालून राहिली."

"म्हंजे?"

"हळू चाललं तं बेस. जोरात गेलं का शेपूट हालवते. मोटारीलेबी ओढते."

आजूबाजूला दहा माणसं उभी होती. गाडी बनवणं आता हा मला शिकवणार! मी मोठ्यानं म्हटलं, "हात थरथरत असन तुमचे, जवाईबुवा. कालची उतरली नसन."

सगळे खो खो हसले. तोही थोडं हसला आणि मोटार पुसायला निघून गेला. तो त्या दिवशी प्यालेला नव्हता हे मला माहीत होतं. मी आपली थट्टा केली होती. पण माझ्या तोंडून निघालेली ती थट्टा गावात राहून गेली, आणि पुढे तीच त्याच्या गळ्यात पडली.

पौषात मालगुजार एका पाहुण्याला घेऊन नवेगावकडे निघाला. पुढे मोटारीत ते दोघं आणि जावई, मागे मी बांधलेल्या घरात त्याचा म्हातारा स्वयंपाकी. भर दुपारी एका उतारावर मागचं घर डावीउजवीकडे झोके घ्यायला लागलं. जावयानं ब्रेक दाबला तसं ते जास्तच पिसाळलं, आडवं झालं आणि मोटारीचं मागचं अंग ओढत खड्ड्यात उलटलं. मोटारीतले तिघं खरचटण्यावर सुटले. स्वयंपाक्याचा कोपर मोडला. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. चुलीवरचं पातेलं उतरवायला त्याला जन्मभर दुसऱ्याला हाक मारावी लागली.

बैल लावून ते घर परत आणलं आणि वाड्यासमोर चाकांवर उभं केलं. एक बाजू चेपली होती, पण आख आणि तुळया शाबूत होत्या. मालगुजार ओट्यावर बसला, कपाळाला पट्टी. आम्हां दोघांना बोलावलं. गाव होतंच.

"मिस्त्री, गाडीत खोट होती का?"

काय सांगू, माझ्या अंगाची आग झाली. माझ्या कामात खोट? मी सरळ पुढे गेलो, दांडीखाली बोट घातलं आणि उचलली. उलटून पडलेली गाडी, तरी तोल तसाच! लोक म्हणाले, वा रे मिस्त्री. मालगुजारानं मान डोलावली आणि जावयाकडे वळला, "आता बोल."

जावयानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही. तेव्हा मला वाटलं, चोर सापडला म्हणून पाहतो. आणि आमच्यात जावयाला कोणी अरेतुरे करत नाही, देवासारखं मानतात, पण मी चारचौघांत ओरडलो, "सांग ना! पेला होतास का नाई?"

"मी पेलो नोहतो, मालक," तो मालगुजाराला म्हणाला. बस्स, एवढंच. गाडी हालत होती, मी मामाजीला सांगितलं होतं, यातलं एक अक्षर नाही. मालगुजारानं हात पुढे केला आणि त्यानं मोटारीची चावी त्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बैल जुंपून त्याच्या गावाला गेलो. लेक अंगणात भांडी घासत होती. म्हटलं, "चाल. दारूड्याच्या घरी माही पोरगी राहनार नाई."

"बाबा, इचारा तं एकदा," ती म्हणाली.

"कायले इचारू? अख्ख्या गावानं पाह्यलं."

ती रडली, भांडली, दाराची चौकट धरून उभी राहिली. मी तिच्या दंडाला धरून ओढलं. आज तो हात कापून टाकावा वाटतो. जावई गोठ्याजवळ उभा होता. तो घरात गेला, तिची पेटी उचलून आणली आणि आपल्या हातानं माझ्या गाडीत ठेवली, तिच्या पायाला टोचणार नाही अशी आडवी. मी म्हटलं, पाहा, आहे का काही लाज!

चैतात मालगुजारानं गोंदियाहून नवा ड्रायव्हर आणला. मोटारी दुरुस्त करणारा, हिंदीत बोलणारा, तोंडाचा फटकळ. तोवर मी घराची चेपलेली बाजू नवी करून दिली होती, आणि चूल, पिंप सगळं सामान जिथल्या तिथे. तो म्हणाला, "मिस्त्री, आप भी चलो, देखते हैं." मी मागच्या घरात बसलो. तोपर्यंत ते घर मोटारीमागे चालत असताना मी त्यात कधी बसलोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

पहिला कोस झोप यावी असा गेला. मग त्यानं मोटार पळवली. आधी टांगलेली पळी हलली. मग पिंपातलं पाणी. मग सगळं घरच एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला जायला लागलं, आणि दर झोक्याला आधीपेक्षा जास्त. मी पलंगाची पाटी दोन्ही हातांनी धरली आणि आई गं म्हणून ओरडलो. रस्ता सपाट होता. ड्रायव्हर शुद्धीत होता. जावई म्हणाला होता तसंच घर शेपूट हालवत होतं.

त्यानं हळूहळू मोटार थांबवली, खाली उतरला, दांडी मोटारीपासून सोडवली. आणि एका बोटावर उचलली. उचलून हसायला लागला. "अरे मिस्त्री, ये तो आपने बैल के लिए बनाई है!"

मग त्यानं मला रस्त्याच्या कडेला बसवून समजावलं. बैलाला मान आहे, ती दुखते. मोटारीला मान नाही. मोटारीमागच्या गाडीची दांडी जड पाहिजे, दोन माणसांना उचलावी लागेल इतकी, तेव्हाच ती मोटारीच्या पाठीवर दबून सरळ चालते. दांडी हलकी असली की शेपूट मोकळं. त्यात दोन्ही आख मी एकमेकांना चिकटवून मधोमध टांगलेले, म्हणजे भिंगरीच केली. ते लांब लांब बसवले असते तर चाकांनीच झोका धरून ठेवला असता. वळणावर थोडी घासली असती, घासू द्यायची. मला एकदम आठवलं, बैलगाडीत तरी हाकणारा दांडीजवळ बसतो, गाडी उलार वाटली की पुढे सरकतो, बैल मान हलवून सांगतात. इथे दांडीवर कोणीच नव्हतं. सांगणारा एकच माणूस होता, त्याला मी दारूड्या केलं.

चार दिवस खपून मी तुळया काढल्या, दोन्ही आखांमध्ये अडीच हात अंतर ठेवलं आणि दोन्ही मागे सरकवले. दांडी उचलायला दोन गडी लागले. घर मोटारीमागून सुतात चाललं. मालगुजारानं विचारलं, "काय केलं?" मी म्हटलं, "दुरुस्ती."

आणि गप्प बसलो. हो, बसलो गप्प! दोन महिने. लेक समोर वावरायची, मोहफुलं वाळवायची, जेवायला वाढायची, आणि मी ताटात पाहून जेवायचो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगीन. मग कोणी तरी गिऱ्हाईक यायचं, मिस्त्री तुमच्या हातासारखा हात नाही म्हणायचं, आणि मी माप घ्यायला उठायचो. भित्रा झालो होतो मी, दुसरं काही नाही.

जेठात एक नातलग लेकीसाठी विचारणं घेऊन आला. तिकडची सोडचिठ्ठी करा, पाट लावू, घर चांगलं आहे, दोन बैलजोड्या आहेत. लेक ओसरीत धानाचं बियाणं पाखडत होती. सूप थांबलं. तिची पाठ मला दिसत होती. नातलग पाणी पिऊन गेला तसा मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पळी हलली तिथपासून.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मले मालूम होतं."

"कसं?"

"त्यायनं त्याच दिवशी सांगतलं. गाडी मांगून ओढते म्हने. मी म्हटलं, मालकाले सांगा ना मंग. तं म्हने, तुह्या बाबाच्या गाडीत खोट हाय असं मी चार लोकांत कसा सांगू? त्यायचं बोट हाय ते."

"मंग तू काऊन नाई सांगतलं मले?"

"तुमी इचारलं कोठी?" तिनं सूप खाली आदळलं. "दाराची चौकट सुटली माह्या हातची, पन तुमी नाई इचारलं! उठा. ज्या ओट्यासमोर बोट दाखवलं, त्याच ओट्यासमोर सांगा. त्यायले घेऊन."

आम्ही तसेच निघालो. जावई खार, म्हणजे धानाचं रोप, टाकायला रान तयार करत होता, दुसऱ्याचं, वाट्यानं घेतलेलं. चिखलाच्या पायानंच आला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्यानं मला धरलं आणि एवढंच म्हणाला, "चला."

मालगुजार ओट्यावर पान लावत बसला होता. पाचपन्नास माणसं नव्हती, पण पंधरा-वीस होती, पुष्कळ झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. खोट गाडीत होती. दांडी हलकी ठेवली ती माझी चूक. आख जवळ टांगले ती माझी चूक. जावयानं मला आधीच सांगितलं होतं, मी त्याची थट्टा केली. तो प्यालेला नव्हता. स्वयंपाकी दाराशी आपला वाकडा हात धरून उभा होता, त्याच्याकडे पाहूनही सांगितलं.

मालगुजारानं पान लावायचं थांबवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, मायेचं हसू. "मिस्त्री," तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. एका बोटावर उचलली होती तुम्ही."

"तेच तं चुकलं, मालक! एका बोटावर उचलली म्हनूनच..."

लोक हसले. एका बोटावर उचलली म्हणून उलटली, ऐकलं का! मी नव्या ड्रायव्हरकडे वळलो, तो तिथेच मोटारीला टेकून होता. म्हटलं, "तुम्ही सांगा." जुना ड्रायव्हर निर्दोष ठरला तर याची चाकरी जाणार. त्यानं जमिनीकडे पाहिलं. "मुझे क्या मालूम, मालिक. मुझे तो गाड़ी अच्छी ही मिली." ती खालची नजर मी लगेच ओळखली. दोन महिने ताटात पाहून जेवलो होतो मी.

मी म्हटलं, आख पुन्हा होते तिथे लावतो, तुम्ही आत बसून पाहा. मालगुजार म्हणाला, "आता चांगली झालेली गाडी मोडता कशाला?" मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लेकीचं घर वाचवायला बाप आपल्या हुनराला बट्टा लावून घ्यायला तयार आहे. असा बाप पाहिजे!" आणि मला पान दिलं. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं तर माझ्यावरून बोटं मोडली. मी ओरडून ओरडून सांगत होतो की हे खरं आहे, आणि मी जितका ओरडलो तितके ते मला मोठा म्हणत गेले. ओट्याखाली माझा जावई हात बांधून उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

परतताना दोन गावांच्या वाटा फुटतात तिथे लेक त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पेटी नंतर पाठवा म्हणाली. जावई जाता जाता थांबला. "मामाजी," तो म्हणाला, "तुमी सांगतलं, लय झालं." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्याला कोणी मोटार दिली नाही. लढाई आली, लॉऱ्या आल्या, ड्रायव्हर मिळेनासे झाले, तरी या भागात त्याचं नाव निघालं की लोक म्हणायचे, चांगला माणूस, पण पितो. तो आजही धान लावतो.

मी गाड्या करतच राहिलो, दुसरं काही येत नाही. नवी गाडी तयार झाली की लोक जमतात आणि म्हणतात, मिस्त्री, बोट दाखवा. नाही म्हटलं तर गिऱ्हाइकाला शंका येते. मग मी दांडीखाली बोट घालतो, ती उचलली जाते, लोक खूश होतात. जावई कधी त्या गर्दीत असला तर तेवढा वेळ तो खाली बसून पायातला काटा काढतो.